सुईच्या भोकाएवढा हिशेब

हदगावला आमच्या मामांकडे एक प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, सेकंडहँड घेतलेली आणि मामांपेक्षा मामेभावाची जास्त लाडकी. १९९४ च्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात शर्यतीचं वारं शिरलं. मुंबईच्या नाझीर हुसेन यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या हिमालयन रॅलीची कात्रणं तो वहीत चिकटवायचा. त्याने इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, एअर फिल्टरचा डबा काढून माळ्यावर टाकला, मोकळा सायलेन्सर बसवला. मे महिन्याच्या भर दुपारी नांदेड रस्त्यावर गाडी अशी सुटली, की वारंगा फाटा येईपर्यंत मी डोळे मिटूनच बसलो होतो.

डिसेंबरातल्या एका पहाटे, त्याच रस्त्यावर आणि त्याच वेगात, इंजिनातून खडखडाट झाला आणि गाडी थांबली ती थांबलीच. पिस्टनच्या डोक्याला हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं. मामा रागावले नाहीत. संध्याकाळी कापसाची पट्टी घेऊन हिशेब करत बसले, एवढं मात्र आठवतं.

नांदेडच्या उस्तादांनी इंजिन उघडलं, भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हवा बढाई, पेट्रोल कौन बढाएगा?"

सगळं मर्म त्यातच होतं. कार्बोरेटरमध्ये जेट नावाची पितळेची छोटी नळी असते. तिच्या भोकातून पेट्रोल हवेच्या झोतात ओढलं जातं. भोकाचा आकार तिच्यावर कोरलेला असतो. सोलेक्स जातीच्या जेटवर १२० असेल, तर भोक १.२० मिलिमीटरचं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिनातून पुरती ताकद काढायची, तर साडेबारा-तेरा किलो हवेलाच एक किलो पेट्रोल द्यावं लागतं. ते जास्तीचं पेट्रोल आतली धग थोडी निववतं. फिल्टरचा डबा काढला की हवेची वाट मोकळी होते, पण जेटवरची ओढही कमी होते. पेट्रोल उणं पडतं, धग वाढते आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन वितळतो.

मग मे महिन्यात काही झालं नाही आणि डिसेंबरात का झालं? त्रेचाळीस अंशांची दुपार आणि बारा अंशांची पहाट यांत हवेच्या घनतेत दहा-अकरा टक्क्यांचा फरक पडतो. थंड हवा दाट. जेटमधलं पेट्रोल मात्र त्याच्या निम्म्यानेच वाढतं. काठावर चाललेली गाडी थंडीने काठाखाली ढकलली. महाबळेश्वरला उलटं. तिथली हवा मुंबईपेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी विरळ, म्हणून मुंबईत गुणी असलेली गाडी घाट चढून गेल्यावर काळा धूर ओकते आणि लहान जेट मागते. हिमालयाच्या खिंडींत काय होत असेल, ते कात्रणांत छापलेलं नव्हतं.

उस्तादांनी जेटची आख्खी डबी काढली. मोठा जेट आधी लावायचा आणि एकेक पायरी खाली यायचं, ही त्यांची रीत. जेट मोठा झाला तर प्लग काळा पडून पेट्रोल वाया जातं, लहान झाला तर पिस्टन जातो. चूक करायचीच असेल, तर स्वस्तातली करावी! १२० चा १२५ केला, तर भोक दिसायला चारच टक्क्यांनी रुंद होतं, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं आणि पेट्रोल साडेआठ टक्क्यांनी जास्त येतं. म्हणून ड्रिलने भोक वाढवणाऱ्यांवर ते चिडायचे. मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी पळवायची, क्लच दाबून इंजिन तिथंच बंद करायचं (किल्ली उपसायची नाही, स्टिअरिंग अडकेल) आणि प्लग काढून पाहायचा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त, बिस्किटासारखा असेल तर बरोबर. हा रंग शिशाच्या पेट्रोलवर लवकर उमटायचा. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हापासून भिंग घेऊन प्लगचा बुडखा न्याहाळावा लागतो.

एवढं करून उस्तादांनी फिल्टरचा डबा माळ्यावरून आणवला आणि परत बसवलाच. "हदगावात धूळ किती, ठाऊक आहे ना?" मग त्या डब्यासह जेट पुन्हा पहिल्यापासून ठरवला. भावाचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं.

मामा आता नाहीत, पण पद्मिनी आहे. गेल्या थंडीत चढावर ती अडखळू लागली. या वेळी हवा तीच होती, बदललं होतं पेट्रोल. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, किलोला नऊच किलो. त्यामुळे तेवढ्याच हवेला हे मिश्रण सुमारे आठ टक्के जास्त द्यावं लागतं. नव्या गाडीतला संगणक ते आपोआप सांभाळतो. पितळेच्या जेटला ते कुठून कळणार? पेट्रोल पंपाचा रबरी पडदाही इथेनॉलने फुगला होता, तोही बदलावा लागला.

आठ टक्के म्हणजे १२० चा १२५, एकच पायरी. भावाने माळ्यावरून उस्तादांची डबी काढली. त्यांनी ती जाताना त्यालाच देऊन टाकली होती. इथेनॉल उसापासूनही बनतं, आणि तालुक्यातल्या उसात त्याचाही दीड एकर आहे. जेट बसवता बसवता तो म्हणाला, "घरचाच ऊस अन् घरच्याच गाडीला त्रास."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वारंग्यापर्यंत जाऊन आलो. प्लग मी काढला. बिस्किटापेक्षा किंचित गडद होता. त्याने तो पुसला आणि तसाच परत बसवला.