मुलांना बोस्टनचा चहा कसा सांगावा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा वाचताना एक चित्र मुलांच्या मनात ठसते. रात्रीची वेळ, बंदराला लागलेली जहाजे, आणि वेष पालटलेली माणसे चहाच्या पेट्या फोडून समुद्रात टाकीत आहेत. असे त्यांनी का केले, म्हणून विचारले तर मुले सांगतात, "कर लावून चहा महाग केला म्हणून." हे उत्तर बरोबर नाही. त्या साली चहा उलट स्वस्त होणार होता. कामगार वस्तीतल्या मुलांचे संध्याकाळचे वर्ग आम्ही बरीच वर्षे घेत आलो आहोत. हा धडा शिकवायचा तर या स्वस्ताईपासूनच सुरुवात करावी, असे आमचे मत त्यातून बनले आहे.

प्रथम सरकारची बाजूही मुलांना सांगावी. १७६३ साली फ्रान्सशी चाललेले सात वर्षांचे युद्ध संपले तेव्हा ब्रिटनचे कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते. अमेरिकेतल्या वसाहतींच्या रक्षणासाठी फौज ठेवायची, तर तिच्या खर्चाचा वाटा वसाहतवाल्यांनी उचलावा, असे लंडनच्या पार्लमेंटला वाटले. म्हणून १७६५ साली स्टँपचा कायदा झाला. वर्तमानपत्रे, कोर्टाचे कागद, परवाने, पंचांगे, एवढेच काय पण खेळायचे पत्तेसुद्धा सरकारी छापाच्या कागदावरच हवेत, असे ठरले.

खर्च खरा होता, मग लोक का बिघडले? येथे आम्ही शेंगदाण्यांचा खेळ घेतो. प्रत्येक मुलाला दहा दाणे द्यावयाचे. मग दोन मुलांना बाहेर बसवून त्यांनी हुकूम काढावयाचा की, जो पेन्सिल उचलील त्याने एक दाणा भरावा. एका दाण्याने कोणाचे पोट भरत नाही, तरी वर्गात गलका होतो. दुसऱ्या दिवशी सर्वांनी बसून ठरवावयाचे की, खडूसाठी प्रत्येकी दोन दाणे काढू. दोन दाणे मुकाट्याने निघतात! एक जड का झाला आणि दोन हलके का झाले, हे मुलांनाच विचारावे. आमच्या युनियनची वर्गणी वाढवायची झाली तरी ठराव सभेपुढे येतो, तो याचसाठी. वसाहतींचा एकही प्रतिनिधी पार्लमेंटात नव्हता. प्रतिनिधी नाही तर कर नाही, हे त्यांचे म्हणणे या दाण्यांइतके साधे होते.

दुसरी गोष्ट लढा कसा झाला याची. पुस्तकात पुढाऱ्यांची नावे असतात. मुलांना मोची, दोरखंड वळणारे, छापखानेवाले आणि सूत कातणाऱ्या बायका भेटल्या पाहिजेत. बोस्टनच्या रस्त्यावरच्या जमावाचा म्होरक्या एबेनेझर मॅकिंटॉश हा मोची होता. स्टँप विकायला नेमलेल्या माणसांना लोकांनी राजीनामे द्यायला लावले. त्या ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. व्यापाऱ्यांनी विलायती माल मागवणे बंद केले, तेव्हा लंडनचे व्यापारीच पार्लमेंटकडे अर्ज घेऊन गेले, आणि मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. मात्र त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला की, वसाहतींवर वाटेल तो कायदा करण्याचा आमचा अधिकार कायम आहे. मागणी द्यायची पण हक्क मानायचा नाही, ही चाल गिरणी-कारखान्यांत वावरलेल्या माणसाला नवी नाही.

या लढ्याची काळी बाजूही झाकू नये. ऑगस्ट १७६५ मध्ये जमावाने थॉमस हचिन्सन या अधिकाऱ्याचे घर लुटून उद्ध्वस्त केले. त्याच्याशी १६ डिसेंबर १७७३ ची रात्र ताडून पाहावी. सभेला सुमारे पाच हजार लोक होते, आणि मताचा अधिकार नसलेल्यांनाही तेथे मज्जाव नव्हता. नंतर तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या, म्हणजे सुमारे ९२ हजार रतल चहा, तीन तासांत पाण्यात गेला. दुसऱ्या कशाला धक्का लागला नाही. एक कुलूप मोडले, तेही भरून दिले गेले. संताप दोन्ही वेळा होता. संघटनेने आठ वर्षांत काय शिकवले, ते या कुलपात दिसते.

आता तो स्वस्त चहा. तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आणि ही कंपनी आपल्या मुलांच्या चांगल्या ओळखीची आहे. १७७० च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, तरी तिची महसूलवसुली थांबली नाही. पुढे ती स्वतःच कर्जात बुडाली आणि गोदामांत कोट्यवधी रतल चहा पडून राहिला. १७७३ च्या कायद्याने तिला तो थेट अमेरिकेत विकण्याची सवलत दिली. किंमत उतरणार होती, पण रतलामागे तीन पेन्सचा कर राहणार होता. स्वस्त चहाच्या घोटाबरोबर पार्लमेंटचा हक्कही गिळावा लागणार, हे लोकांनी ओळखले. बंगालचा शेतकरी आणि बोस्टनचा मोची यांच्या डोक्यावर एकच कंपनी बसली होती, हे मुलांना कळले की धडा परका राहत नाही.

शेवटचा भाग शिक्षक बहुधा गाळतात. त्याच १७७३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या काळ्या गुलामांनी आपल्या मुक्ततेसाठी तिथल्या विधिमंडळाकडे अर्ज केले. त्यांना स्वातंत्र्य मिळाले नाही. युद्ध जिंकल्यावर १७८६ साली त्याच प्रांतातले शेतकरी कर्ज आणि कर यांनी गांजून उठले. त्यांचा एक नेता डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला शिपाई होता. बोस्टनच्या सरकारने त्यांच्यावर फौज पाठवली, आणि चहाच्या लढ्यातले पुढारी सॅम्युएल ॲडम्स यांनी बंडवाल्यांना कडक शिक्षा मागितली.

हे ऐकून मुले गोंधळतात. "मग चांगले कोण, गुरुजी?" असे विचारतात. त्यांना घाईने उत्तर देऊ नये. कर कोणी बसवला, तो कोणी भरला, आणि ठराव झाला तेव्हा सभेबाहेर कोणाला उभे ठेवले होते, हे तीन प्रश्न त्यांच्या वहीत उतरवून द्यावेत. पुढे वर्गणी, पगारातली कपात किंवा नगरपालिकेची पट्टी त्यांच्यापुढे येईल, तेव्हा सनावळी विसरलेली असली तरी हे तीन प्रश्न त्यांना विचारता आले पाहिजेत.