चर्चगेट : चार फलाटांवर तोललेला पश्चिम उपनगरी मार्ग

मुंबई : पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे दक्षिण टोक असलेल्या चर्चगेट स्थानकाचे नाव ज्या दरवाजावरून पडले, तो आज अस्तित्वात नाही. मुंबईच्या किल्ल्याचा हा दरवाजा सेंट थॉमस कॅथेड्रलच्या वाटेवर होता. १८६०च्या दशकात तटबंदी पाडण्यात आली. नाव मात्र १८७० मध्ये सुरू झालेल्या स्थानकाने जपले.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे धावली. पुढे हा लोहमार्ग कुलाब्यापर्यंत वाढला आणि चर्चगेट वाटेवरचे स्थानक ठरले. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा–बोरिवली मार्गावर विजेवरील गाड्या सुरू झाल्या. मात्र १९३०च्या अखेरीस कुलाबा टर्मिनस बंद करण्यात आले. लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या मुंबई सेंट्रल स्थानकाकडे गेल्या, तर चर्चगेट केवळ लोकलचे अंतिम स्थानक झाले. कुलाबा टर्मिनसच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे वसाहत उभी आहे.

या निर्णयाचे परिणाम आजही जाणवतात. स्थानकात चारच फलाट असून सर्व रूळ येथेच संपतात. आलेली गाडी रिकामी होऊन, पुन्हा भरून त्याच रुळावरून उलट दिशेने निघते. लोकलच्या दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्याने इंजिन बदलावे लागत नाही. तरीही प्रत्येक गाडी काही मिनिटे फलाट अडवते. त्यामुळे विरार किंवा डहाणू रोडहून येथपर्यंत किती गाड्या आणता येतील, हे या चार फलाटांवर अवलंबून असते. एक फलाट खोळंबला, तरी त्याचा फटका दूरच्या स्थानकांतील प्रवाशांना बसतो.

जगातील पहिली महिला विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली मार्गावर धावली. देशातील पहिली वातानुकूलित लोकलही २५ डिसेंबर २०१७ रोजी याच मार्गावर दाखल झाली. तिकीट खिडक्यांसह स्वयंचलित तिकीट यंत्रे येथे आहेत. भुयारी पादचारी मार्गामुळे वर्दळीचा रस्ता न ओलांडता बाहेर पडता येते. समोरच पश्चिम रेल्वेचे मुख्यालय असून, वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रचलेली ही इमारत १८९९ मध्ये पूर्ण झाली.

चर्चगेटच्या दक्षिणेकडे जाणाऱ्यांची भिस्त दीर्घकाळ बस आणि टॅक्सीवर होती. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो–३ चर्चगेटमार्गे कफ परेडपर्यंत धावू लागली आहे. कुलाब्याची रेल्वे थांबल्यानंतर सुमारे ९५ वर्षांनी येथून दक्षिणेकडे पुन्हा रुळांवरून जाता येते.