मुक्काम पोस्ट गणपतीपुळे, पण उतरायचं कुठे?

मुलांनो, सुट्टी लागली की रत्नागिरीत पाहुणे येणार आणि त्यांना गणपतीपुळ्याला जायचं असणार, हे ठरलेलंच! आरे-वारेच्या किनाऱ्यानं गेलं तर अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. वाद होतो तो राहण्यावरून. बाबांना पैसे वाचवायचे असतात, आजीचे गुडघे दुखत असतात आणि तुम्हाला हवी असते समुद्रासमोरची खोली.

आमच्या वर्गातल्या मुलांना तर तंबूच हवा असतो. कच्छच्या रणातले तंबू त्यांनी टीव्हीवर पाहिलेले असतात ना! पण तिथे तंबू का, हे विचारलंत कधी? पावसाळ्यात रणात पाणी पसरतं. म्हणून धोर्डो गावाजवळ थंडीपुरतं तंबूंचं गाव उभारायचं आणि हंगाम सरला की गुंडाळायचं. आपली हवा दमट. मे महिन्यात भर दुपारी कापडाखाली तासभर बसून बघा, म्हणजे कळेल!

पुळ्याला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं मोठं निवासस्थान देवळाजवळ, अगदी किनाऱ्याला आहे. पण तिथल्या सगळ्या खोल्या सारख्या नाहीत हं. काहींच्या दारातून समुद्र दिसतो, काही मागच्या अंगाला आहेत, आणि काही चक्क कोकणी पद्धतीची छोटी घरं आहेत. नुसतं 'खोली मिळाली' म्हणून खूश होऊ नका. कोणती मिळाली, ते विचारा.

मला विचाराल तर अस्सल कोकणी घराला तोड नाही. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. त्याच्या जाड भिंती सावकाश तापतात आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. स्लॅबचं छप्पर मात्र दिवसभर ऊन पितं आणि रात्री ते आपल्या अंगावर ओततं! मग एसी लावा, बिल भरा.

देवस्थानाचं भक्तनिवास आहे. तिथे थाटमाट नसतो, पण देवळाजवळ राहणं होतं. गावात आणि शेजारच्या मालगुंडला घरगुती खोल्या मिळतात. तिथे काकू सकाळी गरम घावणे वाढतात, वर "अजून एक घे रे" म्हणतात. ते कुठल्या दरपत्रकात लिहिलेलं नसतं.

आता एक गणित सोडवा. आकडे उदाहरणापुरते आहेत. माणसं पाच. समुद्रासमोरची दोघांची खोली ३००० रुपये, जादा गादी प्रत्येकी ६००, न्याहारी फुकट. एकूण ४८००. घरगुती खोल्या दोन, प्रत्येकी १५००. न्याहारी माणशी ८० म्हणजे ४००. रिक्षाच्या चार फेऱ्या, त्यांचे आणखी ४००. एकूण ३८००. फरक हजाराचा. आता आजीला देवळात चालत जाता यावं म्हणून हे हजार द्यायचे का? याचं उत्तर गणिताच्या वहीत नाही, ते घरी सगळ्यांनी बसून ठरवायचं. अंगारकीला, दिवाळीत आणि मे महिन्यात गर्दी असते. तेव्हा दर नव्यानं विचारून घ्या.

आणि पालकहो, समुद्रासमोरच्या खोलीबद्दल एक सांगायलाच हवं. पुळ्याचा समुद्र दिसतो शांत, पण किनारा एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. पोहता येणारी माणसंही इथे बुडाली आहेत. दारातच समुद्र असला की मुलं कधी सटकतील, कळत नाही. लहान मुलं असतील तर मागच्या अंगाची खोली मी आनंदानं घेईन. जीवरक्षक शिट्टी वाजवतात ती मजा म्हणून नव्हे, आणि पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचंच नाही.

पाण्यावरून आठवलं. कोकणात धो धो पाऊस पडतो, पण जांभ्यातून झिरपून तो समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. तेव्हा खोली महागाची असो की स्वस्तातली, बादलीनंच आंघोळ करा.

मालगुंडला उतरलात तर कवी केशवसुतांचं जन्मघर पाहायला विसरू नका. त्यांचा जन्म १८६६चा. तिथल्या स्मारकाचं उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं. आत शिरलात की आधी भिंतीला हात लावून बघा, बाहेर कितीही ऊन असो!