मोकळा फिल्टर आणि गाडीचा दम : चंदीगडहून लेहकडे निघण्याआधी



दर वर्षी मे महिना उजाडला की एक प्रश्न हमखास येतो. पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे रायडर गाडी रेल्वेने चंदीगडला पाठवतात, स्वतः मागून जातात आणि तिथून मनालीमार्गे लेहकडे निघतात. चंदीगड हे या वाटेवरचं मैदानातलं शेवटचं मोठं शहर. रोपर, कीरतपूर ओलांडलं की चढ सुरू होतो. त्यामुळे गाडीचं जे काही करायचं ते इथेच उरकून घ्यावं, असं सगळ्यांना वाटतं. मनीमाजऱ्याच्या मोटार मार्केटमध्ये गाडी उभी केली की सल्लेही भरपूर मिळतात. त्यातला एक ठरलेला : ‘पाजी, कंपनीचा फिल्टर बॉक्स काढा, मोकळा फिल्टर लावा. पिकअप वाढेल, पहाडात गाडी दमणार नाही.’

तर प्रश्न असा की, लावायचा का? आज नुसतं हो किंवा नाही सांगणार नाही. हिशोब मांडू, म्हणजे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

इंजिन किती हवा ओढतं?

उदाहरणाला जुनं ३५० सीसीचं क्लासिक किंवा बुलेट घेऊ. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे आकारमान ३४६ सीसी. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. ५,००० आरपीएमला मिनिटाला २,५०० श्वास झाले. प्रत्येक श्वासात सिलिंडर पूर्ण भरला असं धरलं, तर मिनिटाला ८६५ लिटर हवा. प्रत्यक्षात तो पूर्ण भरत नाही, तरी आकडा मोठाच आहे.

या हवेसोबत पेट्रोल लागतं ते वजनाच्या प्रमाणात : साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग. सोप्या भाषेत, एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९,००० लिटर हवा हवी. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण ‘लीन’, जास्त झालं की ‘रिच’. हे दोन शब्द लक्षात ठेवा, आजचा सगळा विषय त्यांच्याभोवती आहे.

फिल्टर खरंच हवा अडवतो का?

अडवतो, पण किती ते मोजता येतं. एक मीटरभर पारदर्शक नळी घ्या, यू आकारात वाकवून तिच्यात थोडं रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं ठेवा आणि दुसरं फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला जोडा. इंजिन हवा ओढू लागलं की एका बाजूचं पाणी वर चढेल. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे १० मीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. म्हणजे नळीतल्या दोन पातळ्यांत १० सेंटिमीटर फरक दिसला, तर फिल्टर आणि बॉक्सने मिळून दाब १ टक्क्याने कमी केला. इतकं सरळ गणित आहे.

दोन सूचना. सिंगल सिलिंडरचा श्वास धक्क्याधक्क्याने येतो, त्यामुळे पाणी थरथरतं. नळी एका जागी थोडी चिमटून ठेवली की ते स्थिर होतं. आणि रस्त्यावर गाडी चालवत नळीकडे बघायचं नाही. डायनोची सोय असेल तिथे मोजा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा घट्ट बसवून रेकॉर्ड करा. पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही इतकी नळी उंच ठेवा.

समजा पूर्ण थ्रॉटलला २० सेंटिमीटर फरक आला. म्हणजे फिल्टर अजिबात नसता तरी जास्तीत जास्त २ टक्के फायदा. या इंजिनाची ताकद १९.८ बीएचपी, तिचे २ टक्के म्हणजे ०.४ बीएचपी. मागे बसलेल्याने पाठीवरची सॅक उतरवली तर फरक यापेक्षा जास्त जाणवेल. हाच आकडा ४० सेंटिमीटरवर गेला, तर कंपनीचा फिल्टर धुळीने भरलाय असं समजा. त्यावर इलाज म्हणजे नवीन कंपनी फिल्टर.

हेही झालं पूर्ण थ्रॉटलचं. चंदीगडची तरुण मंडळी संध्याकाळी सेक्टर १०-११ च्या बाजूला ‘गेडी’ मारतात, म्हणजे संथ गतीने फेऱ्या. तिथे थ्रॉटल पाव भागही उघडलेला नसतो. त्या वेळी हवा अडवतो तो थ्रॉटलच. घराचा दरवाजा बंद ठेवून फाटक रुंद करण्यासारखं आहे हे. मग फिल्टर बदलल्यावर गाडी जोरात गेल्यासारखी का वाटते? आवाजामुळे. बॉक्स इंजिनाच्या श्वासाचा आवाज दाबून ठेवतो. तो काढला की आवाज थेट कानावर येतो, आणि कानाला जे ऐकू येतं ते मनाला वेग वाटतो.

बॉक्स नुसता डबा नाही

बॉक्सची तीन कामं आहेत. पहिलं, इंजिनाला शांत, स्थिर हवा देणं. अनेक गाड्यांतल्या सीव्ही कार्ब्युरेटरचा पिस्टन हवेच्या दाबातल्या फरकावर वरखाली होतो. समोरून वाऱ्याचे झोत आले की तो बिचकतो आणि मधल्या थ्रॉटलला गाडी अडखळते.

दुसरं, थंड हवा देणं. उघडा फिल्टर टाकीखाली, तापलेल्या सिलिंडरजवळ येतो. चंदीगडला जूनमध्ये बाहेर ४५ अंश असेल आणि फिल्टरला मिळणारी हवा ६५ अंशांची असेल, तर ती सुमारे ६ टक्के विरळ असते. म्हणजे २ टक्के मिळवायला गेलो आणि ६ टक्के घालवून आलो.

तिसरं, इंजिनाचा ब्रीदर पाइप. क्रँककेसमधली तेलकट वाफ बहुतेक गाड्यांत या बॉक्समध्ये सोडलेली असते. बॉक्स काढल्यावर हा पाइप तसाच लोंबकळत ठेवला, तर तेल मागच्या टायरवर उडू शकतं. बूच मारून बंद केला, तर आतला दाब वाढून सील गळू लागतात. त्याला स्वतंत्र छोटा फिल्टर किंवा कॅच कॅन लागतोच.

हवा वाढवली, पेट्रोल कोण वाढवणार?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कार्ब्युरेटरचे जेट कंपनीच्या बॉक्सला जुळवलेले असतात. बॉक्स काढला की हवा वाढते आणि जेटवर ओढही कमी बसते. मिश्रण लीन होतं. लीन इंजिन तापतं. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, एका वेगाला धरलेली गाडी हेलकावे खाते, प्लगचं टोक तपकिरी असायचं ते पांढरं पडतं. रोजच्या ऑफिसच्या फेरीत हे खपून जाईल. पण सामान लादून, भर उन्हात अंबाल्याकडून तासन् तास एका वेगाने आलेल्या गाडीत यानेच पिस्टन धरतो.

यात आता एक नवी भर पडली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आज बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे या पेट्रोलला १४.७ नव्हे, सुमारे १३.५ भाग हवा पुरते. जुन्या जेटवर चालणारी गाडी यामुळे आधीच थोडी लीन झालेली असते. तिच्यावर मोकळा फिल्टर म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचं काय? क्लासिक ३५० ला इंजेक्शन आलं ते २०२० मध्ये, बीएस-६ सोबत. अशा गाडीत सायलेन्सरच्या पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण तपासतो आणि ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. पण ही दुरुस्ती साध्या चालीत आणि ठरावीक मर्यादेतच होते. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू कंपनीने भरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि त्या तक्त्याला तुमचा नवा फिल्टर माहीत नसतो.

घाटावर काय होतं?

चंदीगड समुद्रसपाटीपासून साधारण ३२० मीटरवर आहे आणि रोहतांग ३,९७८ मीटरवर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरते. म्हणजे १९.८ बीएचपीच्या गाडीत १३ च्या आसपास ताकद राहते. गाडी दमते ती यामुळे. हवाच विरळ असताना फिल्टरचे एक-दोन टक्के कुठे पुरणार?

कार्ब्युरेटरच्या गाडीत उलटा प्रकारही होतो. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही, मिश्रण रिच होतं, काळा धूर येतो, ॲव्हरेज पडतं. अशा वेळी फिल्टर काढून टाकला की गाडी क्षणभर सुधारल्यासारखी वाटते, कारण रिच मिश्रण थोडं लीनकडे सरकतं. म्हणून खिंडीत फिल्टर काढून पुढे जाणारे दिसतात. पण त्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे दगडाचं पीठ. त्यातली सिलिका पोलादाशी टक्कर घेण्याइतकी कडक असते. ती सिलिंडरमध्ये गेली की रिंगा आणि बोअर घासले जातात, आणि परत आल्यावर गाडी तेल पिऊ लागते. इलाज साधा आहे : कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर घ्या, म्हणजे सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. खाली मैदानात उतरल्यावर ती आठवणीने पूर्वीच्या जागी आणा. इंजेक्शनची गाडी हवेचा दाब स्वतः मोजते, तिला काहीच करावं लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. धूर किंवा आवाजाची मर्यादा ओलांडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. कंपनीच्याच बॉक्समध्ये बसणारा त्याच मापाचा फिल्टर ही नेहमीच्या सर्व्हिसमधली बाब झाली. बॉक्स कापणं किंवा काढून टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावण्याआधी वॉरंटीची पुस्तिका वाचा.

तरीही बसवायचाच असेल तर

ट्रिपच्या आदल्या दिवशी बसवू नका. घरीच, निदान महिनाभर आधी बसवा. पहिली पसंती कंपनीच्या बॉक्समध्ये बसणाऱ्या, धुता येणाऱ्या फिल्टरला द्या. कामाचा क्रम असा ठेवा.

बसवण्याआधी प्लगचा रंग आणि गाडीचं ॲव्हरेज लिहून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. इनटेकच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा. पडलेला एक स्क्रू इंजिन घालवू शकतो. शेवटी ते फडकं मोजून बाहेर काढा. रबर होज तडकलेला असेल तर बदला आणि क्लॅम्प सगळीकडून सारखा आवळा. फिल्टरच्या मागून आत शिरणारी हवा गाळलेली नसते, त्यामुळे तिथली फट सगळ्यात घातक. बॉक्सवर तापमानाचा सेन्सर असेल तर तो नव्या जागी बसवा. ब्रीदर पाइपची सोय करा.

कापडी फिल्टरला त्याचंच तेल लावा, इंजिन ऑइल नाही. तेल पातळ आणि एकसारखं लावा : कमी झालं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर सेन्सर चिकट होतात. धुतल्यावर सावलीत वाळवा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर कापडाचे धागे सुटतात.

मग कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट एकेक पायरी वाढवत जा आणि दर वेळी प्लग बघा. इंजेक्शन असेल तर ट्यूनिंग डायनोवर, ऑक्सिजनचं प्रमाण मोजतच करून घ्या. ट्यूनिंगचा खर्च फिल्टरपेक्षा जास्त येऊ शकतो. तो करायची तयारी नसेल तर फिल्टरही घेऊ नका.

चंदीगडला उतरल्यावर तेवढाच वेळ आणि पैसा खर्च करायचा असेल, तर माझी यादी अशी : नवीन कंपनी फिल्टर, नवीन प्लग, टॅपेट तपासणी, चेनचा ताण, क्लचची केबल आणि टायरमधली हवा. यातून आवाज वाढणार नाही आणि कुणी वळून बघणारही नाही. पण बारालाचाच्या चढावर, जिथे मैलोन् मैल गॅरेज नाही, तिथे गाडी पहिल्या किकला सुरू होईल.

तुमच्या गाडीच्या नळीत पाणी किती सेंटिमीटर चढलं ते मात्र कळवा. पुढच्या भागात प्लगचे रंग वाचायला शिकू. तोवर सांभाळून चालवा, हेल्मेट घाला.