कढीपत्त्याला हिवाळ्यात झोपू द्या

(ऑक्टोबरच्या एपिसोडचं हे लिहून काढलेलं रूप. बोलतानाचे अडखळे काढलेत, एकदोन आकडे नीट लिहिलेत. ऐकायचंच असेल तर वर प्ले बटण आहे.)

म्युनिकमध्ये सकाळचा पारा चार अंशांवर आला आणि आपल्या इनबॉक्समध्ये एकाच जातीचे मेसेज यायला लागले. "ताई, कढीपत्ता आत घेऊ का?" "तुळशीची पानं काळी पडताहेत, काय करू?" "मोगरा बाल्कनीत गुंडाळून ठेवला तर चालेल का?" जर्मनीत, ऑस्ट्रियात, स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या सगळ्यांची ही ऑक्टोबरची ठरलेली धावपळ. म्हणून आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज कुंड्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. झाडं वेळेवर आत आली, तर त्यानंतर जी मरतात ती थंडीनं क्वचित मरतात. ती मरतात हिटरच्या उबेनं आणि आपण मायेनं घातलेल्या पाण्यानं. माझ्या ओळखीतल्या घरांमध्ये जानेवारीत गेलेला जवळजवळ प्रत्येक कढीपत्ता असाच गेलाय.

असं का होतं ते बघू. झाडाचा पगार म्हणजे उजेड. त्यातून ते साखर बनवतं. आणि खर्च किती होणार ते तापमान ठरवतं: जितकं गरम, तितका श्वसनाचा वेग जास्त, तितकी साखर जास्त जळते. पुण्यात हे गणित बरं जमतं, कारण डिसेंबरमधल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा तिथे जवळपास अकरा तास ऊन असतं. म्युनिकमध्ये त्याच दिवशी सूर्य सव्वाआठ-साडेआठ तासच वर असतो, आणि तोही बहुतेक वेळा ढगांमागे. उन्हाळ्यातल्या दुपारी बाहेर एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो. डिसेंबरच्या ढगाळ दिवशी घरात, खिडकीपासून दीड-दोन मीटर आत, तो काही शेकड्यांवर येतो. पटत नसेल तर फोनवर लक्स मीटरचं एखादं फुकट अ‍ॅप टाका आणि सोफ्याच्या कोपऱ्यातल्या कुंडीजवळ फोन धरा. आपले डोळे लगेच जुळवून घेतात, म्हणून आपल्याला ती खोली "छान उजेडाची" वाटते. झाडाला नाही वाटत.

आता अशा खोलीत हिटर लावून बावीस अंश ठेवा. पगार कापला, खर्च तेवढाच. झाड मग उजेडाच्या शोधात लांबट, फिकट, लेचेपेचे कोंब काढतं. आपण खूश होतो, अरे वा, वाढतंय! वाढत नाहीये हो, ते साठवणीतलं खातंय.

पुढची पायरी पाण्याची. उजेड कमी म्हणजे पानांतून बाष्प कमी जातं, म्हणजे मुळं पाणी कमी ओढतात. माती ओलीच राहते. ओल्या मातीत हवेला जागा नसते आणि मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मुळं कुजायला लागतात. कुजलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत, त्यामुळे पानं मलूल होतात, आणि आपण म्हणतो, "अगंबाई, तहानलंय!" आणि अजून एक तांब्या ओततो. हा लूप एकदा सुरू झाला की त्यातून बाहेर येणं अवघड.

म्हणून युरोपात जुना उपाय आहे तो उलटा आहे. उजेड वाढवता येत नसेल तर खर्च कमी करा, म्हणजे झाडाला गार जागी ठेवा. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात बांधलेली ऑरेंजरी नावाची इमारत आहे. संत्र्याची, लिंबाची झाडं मोठमोठ्या लाकडी पेट्यांत लावायची, उन्हाळाभर बागेत मिरवायची आणि हिवाळ्यात या इमारतीत ढकलायची. जाड भिंती, दक्षिणेकडे तोंड करून उंच खिडक्या. बस. झाडांना तिथे गरम होत नाही, फक्त गोठत नाही. आजही ती झाडं हिवाळा तिथेच काढतात.

आपल्याकडे ऑरेंजरी नाही, पण तिचे गरीब नातेवाईक आहेत: जिन्यातली खिडकी, न तापवलेली झोपायची खोली, तळघराची खिडकी, काचा लावलेली बाल्कनी. दहा ते पंधरा अंश आणि बऱ्यापैकी उजेड. जिन्यात कुंडी ठेवण्याआधी मात्र इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्यांना विचारा. आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता म्हणून तो मोकळा ठेवण्याबद्दल इथे लोक कडक असतात, आणि या बाबतीत मला ते बरोबर वाटतं.

आता कढीपत्ता, ज्याच्यासाठी तुम्ही इथवर ऐकलंत. गंमत म्हणजे त्याच्या शास्त्रीय नावात 'कोनिगी' असा शब्द आहे, तो योहान गेरहार्ड क्योनिग या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलाय. लिनियसचा विद्यार्थी, जर्मन भाषक घरातला, आणि अठराव्या शतकात दक्षिण भारतात काम केलेला. म्हणजे जर्मनीशी याचं नातं आपल्या बाल्कनीपेक्षा जुनं आहे.

यंदा माझ्याकडे एक पाहुणा कढीपत्ता आहे. आमच्या गणपती मंडळातल्या एक काकू आणि काका या नोव्हेंबरात कायमचे कोल्हापूरला परत चाललेत. काकूंनी हे झाड वीतभर रोपापासून अकरा वर्षं वाढवलं, आता माझ्या खांद्याएवढं आहे. विमानातून नेता येत नाही, विकायला मन होत नाही. गेल्या रविवारी आम्ही ते ट्राममधून माझ्याकडे आणलं. काकूंनी कुंडीवर हात ठेवून एकच गोष्ट तीनदा सांगितली: "पानं गळली म्हणून घाबरू नकोस हं." अकरा हिवाळ्यांचा डेटा आहे तो, मी ऐकणारच.

कारण कढीपत्त्याला गारवा मिळाला की तो पानं पिवळी करून टाकतो आणि झोपतो. नुसत्या काड्या उरतात. इथेच लोक घाबरून त्याला हिटरजवळ नेतात आणि पाणी घालतात. तसं करू नका. नखानं साल अगदी थोडी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर जरा खाली, खोडाच्या बाजूला परत बघा. अनेकदा वरचा शेंडा गेलेला असतो आणि खालचं खोड ठणठणीत असतं. पानं नसलेल्या झाडाला पाणी अगदी कमी लागतं. माती बोटाच्या दोन पेरांएवढी कोरडी झाल्याशिवाय देऊ नका, आणि दिलंत तर बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. खत मार्चपर्यंत बंद. छाटणीही आत्ता नको, वसंतात नवे डोळे फुगायला लागले की करा.

गार जागाच नसेल तर? मग दुसरा रस्ता: खर्च जास्त, तर पगारही वाढवा. दक्षिणेकडची खिडकी, काचेच्या अगदी जवळ, आणि वर झाडांसाठीचा एलईडी दिवा टायमर लावून रोज बारा तास. यात पानं टिकतात, फोडणीला चार मिळतातसुद्धा. गरम खोली आणि अंधार कोपरा, हे मात्र चालणार नाही. खिडकीखाली रेडिएटर असेल तर त्याच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानांखाली बारीक जाळी आणि वर पिवळे ठिपके दिसले की तोच. अंघोळीच्या शॉवरखाली पानांची खालची बाजू धुऊन काढा, दर चार-पाच दिवसांनी. आणि कुंडीभोवती काळ्या बारीक माश्या घोंघावत असतील तर त्याचा अर्थ माती सतत ओली आहे. पिवळे चिकट कार्ड लावा, पण आधी पाणी कमी करा.

तुळशीची गोष्ट वेगळी. तिला झोपता येत नाही. दहा अंशांखाली ती दुखावते, पानं काळवंडतात. आणि योग असा की तुळशीचं लग्न येतं कार्तिकात, नेमकं तेव्हाच तिची इथली बाल्कनी संपते. लग्न घरात लावा, नवरीला थंडी वाजेल! तिला उबदार आणि भरपूर उजेडाची जागा लागते, म्हणजे दिवा आलाच. तरीही जुनी, लाकूड झालेली तुळस वसंतापर्यंत टिकेलच असं नाही. म्हणून दोन बॅकअप घ्या. वाळलेल्या मंजिऱ्या चोळून बी कागदाच्या पाकिटात ठेवा. आणि फुलं न आलेले चार-पाच इंचांचे शेंडे कापून पेल्यातल्या पाण्यात ठेवा, एक-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. आईनं दिलेल्या बियांची तुळस असेल तर हे आजच करा.

बाकीचे भराभर. जास्वंद आणि मोगरा: बारा ते पंधरा अंश, उजेड हवाच. लिंबाचं झाड: गार जागा, पण कुंडी गार फरशीवर ठेवू नका, खाली थर्माकोल घाला. खिडकीतून ऊन पानांवर पडतं, पानं पाणी मागतात आणि गारठलेली मुळं ते देऊ शकत नाहीत. म्हणून लिंबू अचानक पानं टाकतं. इथल्या बाल्कन्यांतली लाल जिरॅनियम: अर्धी छाटा, पाच ते दहा अंशांत ठेवा, जवळजवळ कोरडी. डेलियाची पानं पहिल्या गोठणाऱ्या रात्रीनं काळी पडली की कंद काढा, माती झटका, कोरड्या वाळूत घालून तळघरात ठेवा.

आत आणण्याआधी प्रत्येक झाड पानं उलटून तपासा. पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी जे असेल ते बाहेरच धुऊन टाका. आत त्यांना खाणारं कोणी नसतं, मग त्यांची चैन.

बाहेर काय राहू शकतं? लॅव्हेंडर, पुदिना, गुलाब, स्ट्रॉबेरी. पण कुंडीत असतील तर लक्षात ठेवा: जमिनीतल्या मुळांना अख्ख्या पृथ्वीची गोधडी असते, कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी वारा. आणि मुळं फांद्यांपेक्षा नाजूक असतात. म्हणून गुंडाळायची ती कुंडी, झाड नाही. बबल रॅप किंवा गोणपाट कुंडीभोवती, खाली लाकडाची फळी, सगळ्या कुंड्या घराच्या भिंतीला चिकटून एकत्र. झाडावर प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, आत दमट होऊन बुरशी येते. तळाचं भोक उघडं हवं, कारण पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि भिजलेली मातीची कुंडी सरळ तडकते. सदाहरित झाडांना हिवाळ्यात, पारा शून्यावर असलेल्या दिवशी, थोडं पाणी द्या. गोठलेल्या मातीतून त्यांना पिता येत नाही आणि ती गारठ्यानं गेली असं आपल्याला वाटतं, खरं तर तहानेनं गेलेली असतात. आपल्या निफाडकडचे द्राक्ष बागायतदार पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या करतात, ठिबकनं पाणी सोडतात, ते आठवलं मला. थंडीत पाणी कधी मित्र आणि कधी शत्रू, ते ज्याच्या त्याच्या जागेवर ठरतं.

ज्यांच्याकडे छोटी बाग आहे त्यांनी बाहेरचा नळ आतून बंद करून त्यातलं पाणी काढून टाका, पाइप रिकामा करून गुंडाळा, पावसाच्या पाण्याचं पिंप उपडं करा. आणि मग थांबा. बाग चकाचक करू नका. वाळलेल्या फुलांतलं बी पक्षी खातात, पोकळ देठांत किडे हिवाळा काढतात, कुंपणाखालच्या पानांच्या ढिगात साळिंदरासारखा दिसणारा छोटा काटेरी इगल, म्हणजे हेजहॉग, मार्चपर्यंत झोपतो. हिरवळीवरची पानं तेवढी उचला, खालचं गवत सडतं. उचललेली त्याच ढिगावर टाका. शेजारी काही म्हणाले तर इगलचं नाव सांगा, जर्मन माणूस इगलपुढे विरघळतो.

परत बाहेर कधी? एप्रिलमध्ये एखादा दिवस बावीस अंशांचा येईल आणि हात शिवशिवतील. थांबा. इथे 'बर्फाळ संतांचे' दिवस मानतात, ११ ते १५ मे, शेवटची 'थंड सोफी'. तोवर रात्रीचा पारा शून्याखाली जाऊ शकतो. त्यानंतरही झाडं एकदम उन्हात नेऊ नका. हिवाळाभर सावलीत राहिलेली पानं उन्हात पांढरी पडून भाजतात. पहिला आठवडा सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण.

काकूंच्या झाडाची पहिली दोन पानं काल पिवळी झाली. फोटो कोल्हापूरसाठी काढून ठेवलाय. तुमच्या कुंड्या कुठे ठेवल्यात आणि तिथे किती लक्स आणि किती अंश आहेत, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये आपण ते आकडे घेऊन बसू.