ट्रकची डावी बाजू: दिल्लीच्या सायकलस्वारांपुढील धोका

दिल्लीत अवजड मालमोटारींना बहुतांश रस्त्यांवर दिवसा प्रवेशबंदी असते. रात्री ही बंदी उठताच आझादपूरच्या घाऊक भाजीबाजाराकडे, संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगराकडे आणि ओखला, बवाना येथील कारखान्यांकडे ट्रकची रीघ लागते. नेमक्या याच वेळी रात्रपाळीचे कामगार, पहारेकरी आणि पहाटे दूध वा वृत्तपत्रे पोहोचविणारे सायकलवरून रस्त्यावर असतात. वेळेची ही विभागणी मोटारचालकांना ट्रकपासून दूर ठेवते. सायकलस्वाराला मात्र ती ट्रकच्या शेजारी आणून उभी करते.

दोघांची एकच कड

१८ नोव्हेंबर १९९७ रोजी वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले मृत्युमुखी पडली. दोनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात अवजड वाहनांवर निर्बंध घातले. ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, वेगनियंत्रक यंत्र आणि इतर चारचाकी वाहनांना ओलांडून पुढे जाण्यास मनाई, असे ते निर्बंध होते. पुढे १ एप्रिल २०२२ पासून दिल्ली सरकारने बस व मालवाहू वाहनांना प्रमुख रस्त्यांवर डावीकडील मार्गिकेतून चालण्याची सक्ती करणारी मोहीम हाती घेतली. शिस्तीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु सायकलस्वारही डाव्या कडेनेच जातो. स्वतंत्र सायकलमार्ग नसेल तेथे शहरातील सर्वांत जड आणि सर्वांत हलके वाहन एकाच पट्ट्यात येते.

अपघात कसा घडतो?

भारतात ट्रकचालक उजवीकडे बसतो. उंच केबिनमधून डाव्या दरवाजाखालचा आणि पुढील डाव्या चाकाजवळचा भाग त्याला थेट दिसत नाही. ट्रक डावीकडे वळताना मागील चाके पुढील चाकांच्या मागावरून जात नाहीत, तर वळणाच्या आतील बाजूने जातात. त्यामुळे ट्रक आणि पदपथ यांमधील मोकळी जागा क्षणार्धात मिटते. तेथे असलेला सायकलस्वार आधी वाहनाच्या कडेला घासतो आणि मग दोन चाकांमधील पोकळीत ओढला जातो. ट्रकचा वेग अगदी कमी असला तरी हा अपघात प्राणघातक ठरतो.

उपाय कोणते?

ही पोकळी झाकणारे आडवे संरक्षक कठडे जड मालवाहू वाहनांना बसविण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. मात्र कठडा वाकलेला वा काढून टाकलेला असेल, तर नियम कागदावरच राहतो. वाहनाच्या योग्यता तपासणीत ब्रेकइतकेच लक्ष कठडे आणि डावीकडील आरशांकडेही दिले गेले पाहिजे.

लंडनने याबाबत स्वतंत्र मार्ग स्वीकारला. चालकाला केबिनमधून थेट किती दिसते यावरून तेथे ट्रकला तारांकन दिले जाते. मार्च २०२१ पासून १२ टनांहून जड ट्रकला शहरात येण्यासाठी परवाना सक्तीचा झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे निकष अधिक कडक करण्यात आले.

तिसरा उपाय रस्त्याच्या रचनेत आहे. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या बीआरटी मार्गावर २००८ मध्ये बससाठी राखीव मार्गिकेबरोबरच सायकलसाठीही वेगळा मार्ग होता. मोटारींच्या कोंडीच्या तक्रारींनंतर २०१६ मध्ये हा मार्ग मोडण्यात आला. बस मार्गिकेविषयीच्या त्या वादात सायकलमार्गाचा प्रश्न मागे पडला.

२०१८ मध्ये पूर्व आणि पश्चिम परिघीय द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्याने दिल्लीत काम नसलेल्या ट्रकना बाहेरून जाण्याची सोय झाली. पण शहराला लागणारा माल शहरात येणारच.

सायकलस्वारांनी ट्रकच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नये. चौकात ट्रकच्या शेजारी न थांबता मागेच थांबावे. ट्रकचे आरसे दिसत नसतील, तर चालकालाही आपण दिसत नाही, असे समजावे. सायकलला मागे लाल दिवा किंवा परावर्तक लावावा.

मात्र सारी जबाबदारी सायकलस्वारावर टाकता येणार नाही. ठोकर देऊन वाहन पळून गेल्यास मृताच्या कुटुंबाला एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये भरपाई मिळते. पूर्वी ती २५ हजार रुपये होती. कमावता माणूस गमावलेल्या घराला ही रक्कम किती दिवस पुरणार? ट्रकना रात्री शहर खुले करणाऱ्या प्रशासनाने त्याच वेळी कामावर जाणाऱ्यांसाठी सुरक्षित कडही राखून ठेवावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.