चाळीस मीटर कापड गेलं कुठं?

गोष्ट २००६ सालच्या उन्हाळ्यातली. उल्हासनगरला कॅम्प नंबर दोनमध्ये माझ्या एका मित्राच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्या वर्षी महाराष्ट्रात भारनियमन जोरात चालू होतं. लाइट कधी जाणार त्याचं वेळापत्रक ठरलेलं असायचं आणि लाइट मात्र त्या वेळापत्रकाला न विचारता जायची. दुकानात नवाकोरा कम्प्यूटर आला होता. लाइट गेल्यावर दहा मिनिटं तग धरणारी बॅटरीही सोबत आली होती, पण तिनं तीन महिन्यांतच मान टाकली होती.

एका संध्याकाळी हिशेब लागेना. कम्प्यूटर म्हणत होता, शर्टिंगचं चाळीस मीटर कापड कमी झालंय. तागे मोजून पाहिले, खरंच कमी होतं. पण त्याचे पैसे गल्ल्यात नव्हते आणि उधारीच्या यादीत कुणाचं नावही नव्हतं. मग कापड गेलं कुठं?

दुकानात अंबरनाथहून रोज लोकलनं येणारा एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा कामाला होता. त्याच दुपारी एक गठ्ठा पोचवायला तो कल्याणला गेला होता. काका त्याला काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी गल्ल्याची किल्ली, जी एरवी त्याच्याकडे असायची, ती त्यांनी आपल्या खिशात ठेवली. त्यानं ते पाहिलं. त्या दुपारी त्याचा डबा तसाच परत गेला.

उलगडा झाला तिसऱ्या दिवशी आणि तो केला मित्राच्या आजीनं. सगळे तिला अम्मा म्हणत. अम्माचा कम्प्यूटरवर काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक बिल कार्बन घालून हातानंही लिहायचं, असा तिचा हुकूम होता. तिनं बिलबुक चाळलं आणि एका पानावर बोट ठेवलं. बदलापूरचे एक टेलरमास्तर, शाळेच्या गणवेशांसाठी शर्टिंग, चाळीस मीटर, उधार. बिल केलं होतं मित्राच्या मोठ्या भावानं आणि तो त्याच रात्री खरेदीला सुरतला गेला होता. त्याला फोन करून विचारावं हे कुणाला सुचलंच नाही, कारण कम्प्यूटर चुकला असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही.

काकांनी किल्ली काढून मुलाच्या हातावर ठेवली. तोंडानं काही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

आता तुम्ही विचाराल, कम्प्यूटर चुकला म्हणजे नेमकं काय झालं? बेरीज-वजाबाकी तर तो बरोबरच करतो. खरं आहे. पण उधारीवर कापड विकणं हे दिसायला एक काम असलं तरी वहीच्या दृष्टीनं ती दोन कामं आहेत. मालाच्या यादीतून चाळीस मीटर वजा करायचे आणि गिऱ्हाइकाच्या खात्यावर तेवढी रक्कम चढवायची. प्रोग्रॅमनं पहिलं काम केलं. दुसरं करणार तोच लाइट गेली. मधल्या त्या क्षणात कापड जणू हवेत विरघळलं. लाइट आल्यावर प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला तेव्हा आपण काहीतरी अर्धवट सोडून गेलो होतो, याची त्याला आठवणच नव्हती.

हे टाळता येतं का? येतं. त्यासाठी प्रोग्रॅमनं आपला डेटाबेस, म्हणजे माहितीचा साठा, उघडतानाच काही गोष्टी ठरवून ठेवाव्या लागतात.

डेटाबेस ढोबळमानानं दोन तऱ्हांचे असतात. एक रेल्वे आरक्षणासारखा. कल्याणच्या खिडकीवरचा कम्प्यूटर स्वतः काही साठवत नाही, तो दूरच्या मोठ्या कम्प्यूटरला विचारतो. दुसरा दुकानातल्या टेबलाच्या खणातल्या वहीसारखा. दूर कुणाला विचारायचं नाही, कारण साठा प्रोग्रॅमच्या पोटातच बसवलेला. अशा पोटातल्या डेटाबेसला ‘एम्बेडेड’ म्हणतात. डी. रिचर्ड हिप नावाचे अमेरिकन प्रोग्रॅमर तिथल्या नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. दुसरीकडचा डेटाबेस बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही अडून बसायचा आणि बोल त्यांना लागायचा. मग त्यांनी विचार केला, माहिती सरळ आपल्याच डिस्कवरून का वाचू नये? त्यातून २००० साली ‘एसक्यूलाइट’ जन्मला. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये असतो. म्हणजे बदलापूर लोकलच्या एका डब्यात किती असतील, तुम्हीच अंदाज करा!

त्याच्याही आधीचा एक होता, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात जन्मलेला ‘बर्कली डीबी’. मार्गो सेल्टझर आणि कीथ बोस्टिक यांनी १९९६ मध्ये त्यासाठी ‘स्लीपीकॅट’, म्हणजे ‘झोपाळू मांजर’, अशा नावाची कंपनी काढली. ती २००६ मध्ये ओरॅकल या बड्या कंपनीनं विकत घेतली. माझा मित्र तेव्हा इंजिनिअरिंगला होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी दुकानाचा प्रोग्रॅम नव्यानं लिहायला घेतला, तो या बर्कली डीबीवर.

बर्कली डीबीत अशी काळजी घ्यायची असेल तर माहिती लिहिण्याआधी एक ‘एन्व्हायर्नमेंट’ उघडावं लागतं. याचं भाषांतर ‘पर्यावरण’ केलं तर तुमच्या डोळ्यांपुढे झाडं येतील. आम्ही त्याला ‘बिऱ्हाड’ म्हणायचो. बिऱ्हाड थाटणं म्हणजे काय हे उल्हासनगरला कुणी शिकवायला नको. दुसऱ्या महायुद्धातली इथली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये येऊन राहिलेली सिंधी कुटुंबं, ८ ऑगस्ट १९४९ रोजी मिळालेलं ‘उल्हासनगर’ हे नाव आणि तरी आजही तोंडात बसलेले कॅम्पचे नंबर. तर बिऱ्हाड मांडताना पहिला प्रश्न, घर कुठलं? डेटाबेसच्या फायली कम्प्यूटरमधल्या कोणत्या फोल्डरमध्ये राहणार, ते आधी सांगायचं. आणि पत्ता पूर्ण सांगायचा.

इथं आम्हीच आपटलो. आम्ही पत्ता अर्धवट लिहिला होता, म्हणजे ‘इथंच बाजूच्या खोलीत’ म्हणावं तसा. शिवाय ‘घर नसेल तर नवीन बांध’ अशीही सूचना दिली होती. काकांच्या मोठ्या मुलानं प्रोग्रॅम दुसऱ्याच फोल्डरमधून सुरू केला. प्रोग्रॅमनं बाजूच्या खोलीत पाहिलं, काहीच नाही. त्यानं आज्ञाधारकपणे नवं रिकामं घर बांधलं आणि पडद्यावर आकडा आला, एकूण उधारी शून्य! काकांचा चेहरा मला अजून आठवतो. खरी वही जागच्या जागी सुखरूप होती, पण हे त्यांना पटेपर्यंत चहाचे दोन कप गार झाले.

घर ठरलं की सांगायचं, बिऱ्हाडात काय काय हवं. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लॉग. हा शब्द नवा वाटला तरी वस्तू जुनीच आहे. कॉमर्सला गेलेल्या ताई-दादांना विचारा, किंवा आई-बाबांना. हिशेब आधी रोजकीर्दीत लिहितात, घडला तसा, एकाखाली एक. मग त्यावरून खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवतात. लॉग म्हणजे कम्प्यूटरची रोजकीर्द. नियम एकच आणि तो कडक. रोजकीर्दीत लिहून ते डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय खतावणीला हात लावायचा नाही. जोडीला सांगायचं, की ‘माल वजा’ आणि ‘उधारी जमा’ ही दोन कामं एकाच गाठीत बांधायची. ही गाठ म्हणजे ‘ट्रान्झॅक्शन’. दोन्ही नोंदी झाल्या की रोजकीर्दीत खूण करायची, ‘पूर्ण’.

मग लाइट जाऊ दे की! पुन्हा सुरू झाल्यावर प्रोग्रॅम बिऱ्हाड उघडताना म्हणतो, आधी सावरासावर कर. डेटाबेस रोजकीर्द वाचतो. ज्या गाठीपुढे ‘पूर्ण’ आहे, पण खतावणीत चढलेली नाही, ती चढवतो. ज्या गाठीपुढे ‘पूर्ण’ नाही, तिचं जे काही अर्धवट खतावणीत गेलं असेल ते पुसतो. अम्मानं बिलबुक उघडून जे केलं तेच हे, फक्त तीन दिवसांऐवजी क्षणभरात. ही सावरासावर मात्र एकट्यानं करायची असते. सकाळी ज्याच्याकडे किल्ली तो शटर उघडतो, दिवे लावतो, पसारा आवरतो, तोवर बाकीचे पायरीवर थांबतात, तसंच. आमच्याकडे बिलाचा प्रोग्रॅम वेगळा आणि संध्याकाळच्या हिशेबाचा वेगळा होता. दोघंही एकदम सावरायला धावले असते तर नवाच गोंधळ झाला असता. म्हणून किल्ली बिलवाल्याकडे.

बाकीच्या गोष्टी लहान, पण गमतीच्या. ‘कॅश’ म्हणजे गल्ल्यातले पैसे नव्हेत बरं का! रोज लागणारे तागे आपण हाताशी ठेवतो आणि बाकीचे माळ्यावर. तशी वारंवार लागणारी माहिती मेमरीत ठेवायच्या जागेला कॅश म्हणतात. तुम्ही काही सांगितलं नाही तर बर्कली डीबी ती फक्त २५६ किलोबाइटची धरतो, म्हणजे पानाच्या टपरीएवढी. वाढवायची तर आम्हाला ते बिऱ्हाड उघडण्याआधी सांगावं लागायचं. गिऱ्हाईक आत आल्यावर भिंत कशी हलवणार? अशा सूचना घराच्या फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलीत लिहून ठेवता येतात. मग प्रोग्रॅमला हात न लावता त्या बदलता येतात.

आणि कुलपं! दोन विक्रेते आहेत, कात्री एक आणि गज एक. एकानं कात्री धरली, दुसऱ्यानं गज. आता पहिला गजाची वाट बघतोय, दुसरा कात्रीची. गिऱ्हाईक जांभया देतंय. दोन प्रोग्रॅम एकाच वहीवर काम करू लागले की हे होऊ शकतं. ‘असं झालं तर एकाला हातातलं खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांग’ ही सूचनाही बिऱ्हाड मांडतानाच द्यावी लागते. बर्कली डीबी आपणहून तसं करत नाही.

हे सगळं घरी करून पाहायचंय? दोन वह्या घ्या. एकीवर ‘रोजकीर्द’ लिहा, दुसरीवर ‘खतावणी’. तिघा भावंडांच्या नावावर वीस-वीस गोट्या मांडा. आता एकानं हुकूम द्यायचे, ‘ताईच्या पाच गोट्या छोटूला’, आणि एकानं लिहायचं, आधी रोजकीर्दीत, शेवटी ‘पूर्ण’ आणि मगच खतावणीत. तिसऱ्यानं पाठ करून बसायचं आणि मनात येईल तेव्हा ओरडायचं, ‘लाइट गेली!’ लिहिणाऱ्यानं पेन्सिल तिथंच टाकायची, अक्षर अर्धं असलं तरी. मग बाहेरून चौथ्याला बोलवा आणि नुसत्या दोन वह्यांवरून हिशेब लावायला सांगा. तिघांच्या मिळून साठ गोट्या भरल्या पाहिजेत. एकदा रोजकीर्दीशिवायही खेळून पाहा, नुसत्या खतावणीवर. भांडण झालं तर आम्हाला पत्र पाठवू नका.

आमचा प्रोग्रॅम जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार झाला. शाळा उघडायच्या बेतात होत्या, गणवेशाच्या कापडाला गर्दी होती. काका म्हणाले, “ते सगळं ठीक आहे, पण लाइट गेल्यावर काय, ते मला आत्ता दाखवा.”

मित्रानं खोटं बिल टाइप केलं, तीस मीटर, उधार. मालातून वजा झाल्यावर आणि उधारीत चढण्याआधी प्रोग्रॅम मुद्दाम पाच सेकंद थांबेल, अशी सोय आम्ही केली होती. प्लगपाशी अंबरनाथचा तो मुलगा उभा होता. ते काम त्यानंच मागून घेतलं होतं.

“शेठ, ओढू का?”

“ओढ.”

पडदा काळा झाला. पुन्हा प्लग लावला, कम्प्यूटर कुरकुरत सुरू झाला, प्रोग्रॅम उघडला. माल जेवढा होता तेवढाच. उधारी जेवढी होती तेवढीच. तीस मीटर कुठंही हरवले नव्हते, कारण ते बिल झालंच नव्हतं. मग त्या मुलानं आणखी चार वेळा प्लग ओढला, प्रत्येक वेळी वेगळ्या क्षणी. एकदा तर ‘पूर्ण’ची खूण झाल्यावर लगेच. त्या वेळी बिल दोन्हीकडे बरोबर चढलेलं निघालं.

“हिसाब बरोबर आला,” काका म्हणाले. मग अम्माकडे वळून त्यांनी विचारलं, “आता बिलबुक बंद करायचं का?”

अम्मानं मान हलवली आणि कार्बनचा नवा कागद मागितला.